ओलं ओल्यात, कोरडं कोरड्यात: नाशिकच्या घरातला कचरा कमी करताना

तीन वर्षांपूर्वीच्या एका पावसाळी सकाळी मी सुक्या कचऱ्याची पिशवी घेऊन खाली उतरले. इंदिरानगरच्या आमच्या कॉलनीत घंटागाडी आठच्या सुमाराला येते. गाडीवरच्या मावशींनी पिशवी घेतली, हातानेच तिचं वजन जोखलं आणि माझ्यासमोर उघडून दाखवली. आत वर्तमानपत्रं होती, औषधांची खोकी होती, एक चांगला जाड पुठ्ठ्याचा खोका होता. त्या सगळ्यावर दह्याच्या डब्यातलं पाणी आणि रश्श्याच्या पार्सलची तेलकट पिशवी रिकामी झालेली. मावशी म्हणाल्या, "वहिनी, हे कोरडं असतं तर कुणाच्या तरी कामाला आलं असतं. आता डेपोलाच जाणार."

त्या दिवसापर्यंत मी स्वतःला कचरा वेगळा करणारी समजत होते. दोन डबे होते, दोन रंगांचे. पण कशाची ओल कशाला लागतेय, याकडे माझं लक्षच नव्हतं. आता एवढ्या दिवसांनी सांगते, घरच्या कचऱ्याचं जवळजवळ सगळं काम ओलीपाशी येऊन थांबतं. पुठ्ठा ओला झाला की त्याची किंमत गेली. भाजीची सालं प्लास्टिकच्या पिशवीत कोंडली की त्यांचं खत होण्याऐवजी घाण होते. खताच्या बादलीत ओल जास्त झाली की वास, कमी झाली की काहीच घडत नाही.

घंटागाडी ही आपल्या नाशिकची देणगी. १९९० च्या दशकात इथे ती सुरू झाली आणि पुढे शब्दासकट महाराष्ट्रभर गेली. दारातून उचललेला कचरा पाथर्डी शिवारातल्या खतप्रकल्पावर जातो. विल्होळीला जर्मन सहकार्याने उभा राहिलेला एक प्रकल्पही आहे. हॉटेलांतलं खरकटं आणि सार्वजनिक शौचालयांतला मैला एकत्र करून तिथे गॅस आणि त्यातून वीज करतात. म्हणजे पुढची सोय शहरात आहे. पण ओल्यात ब्लेड, डायपर आणि प्लास्टिक मिसळलेलं गेलं, तर कितीही चांगल्या यंत्राला त्याचं चांगलं खत करता येत नाही. हे वेगळं करण्याची जागा घर, आणि घरातही स्वयंपाकाचा ओटा.

आधी आठवडाभर फक्त बघा

डबे, बादल्या, कचरा कुजवायचं जिवाणूंचं कल्चर असं काही पहिल्या दिवशी विकत आणू नका. एक साधा ताणकाटा घ्या, भाजीवाल्याकडे असतो तसा. सात दिवस कचरा बाहेर देण्याआधी वजन करा आणि कॅलेंडरवर लिहून ठेवा. वजनासोबत दोन शब्दही लिहा: "वाटाणे सोलले", "पाहुणे", "पार्सल आलं".

आमच्या चौघांच्या घरात ओला कचरा दिवसाला पाऊण किलोच्या आसपास निघाला. सुका वजनाला थोडा, पण आकाराने डबाभर. आणि एक गोष्ट कळली जी मला खरंच लागली: ओल्या कचऱ्यात रोज भात आणि पोळ्या होत्या. शिजवलेलं अन्न. खत करायला शिकण्याआधी मी भाताचं माप कमी केलं आणि पोळ्या मोजून लाटायला लागले. उरलेल्या पोळीचा कुस्करा आणि भाताला फोडणी आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या होतेच, फक्त ती रोजची सवय सुटली होती. कचरा कमी करण्याची सगळ्यात स्वस्त जागा कणकेची परात आहे.

घरातल्या चार जागा

घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनी घरात तीन भाग करायला सांगितले: ओला, सुका आणि घरगुती घातक. वापरलेले पॅड आणि डायपर गुंडाळून वेगळे द्यायचे, हेही त्यातच होतं. म्हणून मी चार जागा धरते.

ओल्यासाठी झाकणाचा स्टीलचा डबा, ओट्याखाली. त्यात प्लास्टिकची पिशवी घालायची नाही. तळाला वर्तमानपत्राचा एक कागद पुरतो, ओल शोषतो आणि सोबत कुजतो. सिंकमध्ये एक जुनी चाळणी ठेवा. चहाचा चोथा, ताटातलं खरकटं, भाजी धुतलेल्या पाण्यातली देठं आधी चाळणीत निथळू द्यायची आणि मग डब्यात टाकायची. दहा मिनिटं निथळलं तरी वासात फरक पडतो.

सुक्याची जागा स्वयंपाकघरात नको. जिथे खरकटा हात पोहोचतो तिथे सुकं कोरडं राहत नाही. आमची पिशवी मागच्या गॅलरीत आहे, आणि पिशवी म्हणजे कांद्याची लाल जाळीदार गोणी. नाशिक जिल्ह्यात राहून ही गोणी मिळाली नाही असं व्हायचं नाही. हवा खेळती राहते, आत काय आहे ते दिसतं, आणि चुकून थोडं ओलं गेलंच तरी ते वाळतं.

तिसरी जागा बाथरूममध्ये, सॅनिटरी कचऱ्याची. पॅड किंवा डायपर वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळायचा आणि पुडीवर लाल पेनाने मोठा ठिपका काढायचा, म्हणजे उचलणाऱ्या माणसाला पुडी उघडून बघावी लागत नाही. चौथी जागा एक बंद खोकं, कपाटावर, मुलांच्या हाताला लागणार नाही असं. त्याबद्दल पुढे सांगते.

सुकं: दुधाच्या पिशवीपासून सुरुवात

सुक्याची सवय लावायची तर दुधाच्या पिशवीपासून लावा, कारण ती रोज येते. आपण कात्रीने कोपरा कापतो आणि तो चिमुकला त्रिकोण कुठेतरी उडून जातो. सिंकमध्ये, गटारात, तिथून नासर्डी नदीत आणि शेवटी गंगेत, म्हणजे आपल्या गोदावरीत. तो कोपरा पूर्ण कापू नका. कात्री तीन चतुर्थांश चालवा, तुकडा पिशवीला लटकत राहू द्या. दूध ओतून झालं की अर्धी वाटी पाणी घालून हलवा आणि तेच पाणी पातेल्यात ओता. मग पिशवी कडेने उभी कापून पूर्ण उघडा, पुन्हा एकदा पाण्याखाली धरा आणि दोरीवर चिमट्याला लावा. दोन तासांत कोरडी. रोज दोन पिशव्या असतील तर महिन्याला साठ होतात. हे प्लास्टिक मऊ पण चांगल्या जातीचं, त्यामुळे धुतलेलं आणि कोरडं असेल तर भंगारवाला नाही म्हणत नाही.

हाच नियम बाकी डब्या-बाटल्यांना. तेलाची पिशवी आधी डब्यावर उलटी टांगा, मग भांडी घासून झाल्यावर उरलेल्या साबणाच्या पाण्यात बुडवा. केवळ कचरा धुण्यासाठी नळ सोडू नका. बाटल्यांच्या तळाशी त्रिकोणात आकडा असतो. १ म्हणजे पाण्याच्या आणि सरबताच्या बाटल्या, २ म्हणजे शॅम्पू आणि फिनेलच्या जाड बाटल्या, ५ म्हणजे बहुतेक झाकणं आणि पार्सलचे डबे. हे तिन्ही सहसा विकले जातात. ३ आणि ६ ला फारसं कोणी विचारत नाही. ६ मध्ये थर्माकोल येतो.

कागदात फसगत होते ती अशी. दुकानातल्या मशिनची गुळगुळीत पावती रद्दीत टाकू नका, तिच्यावर रसायनाचा थर असतो. पिझ्झाच्या खोक्याचं कोरडं झाकण पुठ्ठ्यात, तेलकट तळ फाडून घंटागाडीच्या ओल्यात. ज्यूसचा खोका दिसायला पुठ्ठ्याचा, पण त्यात कागद, प्लास्टिक आणि अॅल्युमिनियम यांचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात. तो वेगळा ठेवा, चेपटा करून. वेफर्स आणि बिस्किटांची चकचकीत पाकिटं ही सुक्यातली सगळ्यात अवघड जात, भंगारात ती चालत नाहीत. मी ती झटकून, पुसून एका बाटलीत ठासून भरते आणि सुक्यातच घंटागाडीला देते, म्हणजे निदान वाऱ्यावर उडत नाहीत. खरा उपाय ती कमी आणण्याचा आहे.

फुटलेली काच जाड कागदात गुंडाळून खोक्यात घाला आणि वर "काच" लिहा. आमच्या गाडीवरच्या त्याच मावशींच्या अंगठ्याला मी पट्टी पाहिली आहे. त्यांनी तक्रार केली नाही, मीच विचारलं तेव्हा सांगितलं.

खत: गॅलरीतल्या तीन बादल्या

आता मुख्य काम. ओला कचरा घरातच जिरला तर घंटागाडीत द्यायचं वजन निम्म्याहून खाली येतं. बंगला नको, अंगण नको. तिसऱ्या मजल्यावरच्या साडेतीन फुटी गॅलरीत आमचं चाललंय.

साहित्य साधं: वीस लिटरच्या तीन झाकणाच्या बादल्या. जुन्या रंगाच्या चालतील, नीट घासून. बाजूंना चार-चार बोटांच्या अंतरावर करंगळी जाईल न जाईल एवढी भोकं पाडा, तळालाही सात-आठ. बादलीखाली दोन विटा आणि विटांमध्ये एक ताटली.

सगळ्यात महत्त्वाची वस्तू मात्र विकत मिळत नाही: वाळलेला पाला. माघ-फाल्गुनात नाशिकच्या रस्त्यांवर पानगळीचा खच पडतो आणि सकाळी कुठे ना कुठे तो पेटवलेला दिसतो. त्या धुराने डोळे चुरचुरतात ते वेगळंच, पण खत करणाऱ्याला ते सोनं जळताना दिसतं. झाडणाऱ्या काकांना आदल्या दिवशी सांगून ठेवा, ते ढीग तुमच्यासाठी राखतील. कडुनिंबाची बारीक पानं उत्तम. बदामाची मोठी पानं हाताने चुरडून घ्या, नाहीतर ती एकावर एक चिकटून थर धरतात. चार-पाच कांद्याच्या गोण्या भरून ठेवल्या की पावसाळा निघतो. पावसाळ्यात कोरडा पाला मिळत नाही आणि नेमकी तेव्हाच त्याची गरज सगळ्यात जास्त असते. पाला नसेल तर लाकडाच्या वखारीतला भुसा, नारळाच्या शेंड्यांचा चुरा किंवा पुठ्ठ्याचे तुकडे चालतात.

रीत अशी. तळाला चार बोटं पाल्याचा थर. त्यावर दोन मुठी तयार खत किंवा कुंडीतली जुनी माती, म्हणजे जिवाणूंचं विरजण. तेही नसेल तर वाटीभर आंबट ताकात सुपारीएवढा गूळ विरघळवून शिंपडा. मग रोज रात्री दिवसभराचा ओला कचरा टाका. सालं बोटभर लांबीची चिरून घ्या. वाटाण्याच्या साली, कोथिंबिरीच्या काड्या, फ्लॉवरचा दांडा हे तर चिरायलाच हवं. वर कचऱ्याइतकाच किंवा थोडा जास्त पाला, कचरा दिसेनासा होईल इतका. झाकण लावा. तीन दिवसांनी एकदा जुन्या उलथण्याने खालीवर करा.

ओल बरोबर आहे का, हे मुठीने कळतं. बादलीतलं मूठभर घेऊन घट्ट दाबा. लाडू वळला पाहिजे आणि बोटांतून पाणी ठिबकायला नको. ठिबकलं तर पाला वाढवा. लाडू फुटला तर पाण्याचा शिपका मारा.

माझी पहिली बादली वाया गेली. पाला फार थोडा घातला होता, आमटी ओतली होती आणि पाऊस तिरका येत होता. आठव्या दिवशी वास शेजारच्या काकूंच्या देवघरापर्यंत गेला. त्या रागावल्या आणि त्यांचं चुकलं नव्हतं. हवा न मिळता कुजलं की असा वास येतो. त्या दिवशी मी सगळं गच्चीवर जुन्या चादरीवर पसरलं, दुप्पट पाला मिसळला, संध्याकाळपर्यंत हवा लागू दिली आणि पुन्हा भरलं. दोन दिवसांत वास गेला. तुमचं असं झालं तर टाकून देऊ नका, एवढंच करा.

अळ्या दिसल्या की बहुतेक जण इथेच थांबतात. त्या अळ्या कचराच खातात, चावत नाहीत, आणि ओल कमी झाली की आपोआप जातात. चिलटं झाली तर वरचा पाल्याचा थर जाड करा आणि कडुनिंबाचा पाला वाळवून, चुरून भुरभुरा. मुंग्या आल्या तर समजा, बादली कोरडी पडलीय.

मांस-मासे, हाडं, तुपकट-तेलकट, दूध-दही हे पहिले सहा महिने बादलीत नको. ते घंटागाडीच्या ओल्यात द्या. लिंबाच्या आणि संत्र्याच्या साली थोड्या. आंब्याच्या कोयी कुजायला फार वेळ घेतात. करवंट्यांचंही तसंच. पंचवटीत सासूबाईंच्या वाड्यात अजून तांब्याचा बंब आहे, आमच्या करवंट्या तिथे जातात. बंबात लाकूड आणि करवंटीच. एखादी पिशवीसुद्धा घालू नये, प्लास्टिकचा धूर विषारी असतो.

पहिली बादली तीन-चार आठवड्यांत भरते, कारण कचरा रोज खाली बसत जातो. भरली की बाजूला ठेवा, दुसरी सुरू करा. दुसरी भरून तिसरी अर्ध्यावर येईपर्यंत पहिलीतलं खत तयार होतं. साधारण दीड ते दोन महिने. डिसेंबर-जानेवारीत नाशिकचा पारा दहाच्या खाली जातो तेव्हा जास्त वेळ लागतो, त्या दिवसांत बादल्या उन्हाच्या बाजूला सरकवा. तयार खत काळपट, भुसभुशीत, आणि वास पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा. चाळून घ्या, चाळणीवरचे तुकडे पुढच्या बादलीत विरजण म्हणून टाका. कुंडीत तीन भाग माती, एक भाग खत. ताटलीत जमलेलं पाणी दहापट पाण्यात मिसळून झाडांना घाला, तसंच घालू नका.

कपाटावरचं खोकं

यात जातं ते: संपलेले सेल, खराब झालेले मोबाइल आणि चार्जर, ट्यूब आणि सीएफएल, मुदत संपलेली औषधं, रंग आणि झुरळांच्या औषधाचे डबे, जुना पाऱ्याचा थर्मामीटर. मोबाइलची बॅटरी चेपली किंवा भोसकली गेली तर पेट घेते, आणि गाडीत कचरा दाबला जात असतो. म्हणून ती या खोक्यातच, टोकांना चिकटपट्टी लावून ठेवा. सीएफएल फुटला तर खिडक्या उघडा, तुकडे जाड कागदाने गोळा करा, झाडू फिरवू नका, त्यात पारा असतो. इन्सुलिनच्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत टाकायच्या आणि भरल्यावर झाकणाला चिकटपट्टी लावायची. औषधं संडासात ओतायची नाहीत. खोकं भरलं की वेगळं म्हणून सांगून गाडीवर द्या. इलेक्ट्रॉनिक वस्तू मात्र अधिकृत ई-कचरा संकलकालाच.

पिशवी घेऊन बाजाराला

२३ मार्च २०१८ पासून महाराष्ट्रात प्लास्टिकच्या कॅरी बॅगांवर बंदी आहे, तरी गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात त्या अजून हातात येतातच. येतात, कारण आपण रिकाम्या हाताने जातो. एक मोठी पिशवी आणि आत जुन्या ओढणीच्या शिवलेल्या पाच-सहा लहान थैल्या, एवढं स्कूटीच्या डिकीत कायम ठेवा. भाजीवाल्या मावशी मिरच्या-कोथिंबीर थेट थैलीत टाकतात, त्यांचीही पिशवी वाचते.

मिसळीच्या पार्सलला घरचा स्टीलचा डबा न्या. उकळता रस्सा पातळ प्लास्टिकच्या पिशवीत बांधून आणणं तब्येतीलाही बरं नाही. मला सुरुवातीला डबा पुढे करायला संकोच वाटायचा. गल्ल्यावरच्या दादांनी तो एका शब्दाने घालवला: "द्या." मटणाला, फरसाणाला, पनीरलाही डबाच.

सणाचे दिवस

फुलं, दूर्वा, बेल हे घरच्या बादलीतलं उत्तम खाद्य. हारातला दोरा, जर आणि प्लास्टिकची फुलं आधी काढा. सासूबाईंना निर्माल्य कचऱ्यासोबत कुजवणं पटत नव्हतं, म्हणून आम्ही त्यासाठी तुळशीजवळ वेगळी कुंडी ठेवली. एक थर फुलं, एक थर माती. ते खत तुळशीलाच जातं. गंगेत सोडण्यापेक्षा हे त्यांना आता जास्त योग्य वाटतं.

शाडूची मूर्ती घरी बादलीत विसर्जित करा, रात्रभरात विरघळते. माती वाळवून पुढच्या वर्षी पुन्हा वापरता येते. प्लास्टर ऑफ पॅरिसची असेल तर मूर्तीच्या वजनाइतकं अमोनियम बायकार्बोनेट मूर्ती बुडेल एवढ्या पाण्यात घालून, उघड्या हवेत, अधूनमधून ढवळत दोन-तीन दिवस ठेवा. अमोनियाचा उग्र वास येतो, त्यामुळे बंद खोलीत हे करू नका. तळाला चुन्यासारखा साका बसतो. वरच्या पाण्यात अमोनियम सल्फेट, म्हणजे खतच. गाळून, भरपूर पाणी मिसळून ते मोठ्या झाडांना घालता येतं. आणि सजावटीला थर्माकोल नको, १ जुलै २०२२ पासून त्या वापरावर देशभर बंदी आहे.

सोसायटीत सांगताना

एका बैठकीत सगळ्या बिल्डिंगला पटवायला जाऊ नका, मी जाऊन पाहिलं. दिवसाला शंभर किलोच्या वर कचरा होत असेल तर सोसायटीला ओल्याची व्यवस्था शक्यतो आपल्या आवारातच करावी लागते, हा नियम बैठकीत एकदा वाचून दाखवा आणि तिथेच थांबा. त्यानंतर मजल्यावरच्या दोन घरांना स्वतः जाऊन बादली लावून द्या. पहिल्या आठवड्यात रोज संध्याकाळी पाच मिनिटं जाऊन मुठीने ओल बघून या, कारण कुणाची बादली बिघडते ती पहिल्या आठ-दहा दिवसांतच. भंगारवाल्यासाठी महिन्याचा एक रविवार ठरवून घ्या. त्याला एका फेरीत दहा घरांचा माल मिळाला तर तो दुधाच्या पिशव्यांसारखा हलका मालही घेतो, एका घरासाठी तो जिने चढत नाही. आमच्याकडे तो महिन्यातला दुसरा रविवार आहे. आदल्या संध्याकाळी शेजारच्या काकूच आता मला हाक मारतात, "अगं, उद्या भंगार आहे ना? माझ्या पिशव्या अजून दोरीवर वाळतायत."